म्युरल म्हणजे रंगवलेलं की उठावाचं? सोसायटीच्या ठरावात नक्की काय लिहू

इंदिरानगर_नाशिक

नमस्कार मंडळी, एका शब्दाचा घोळ झालाय आणि तो आता पैशांपर्यंत पोचलाय म्हणून इथे विचारतोय.

आमची सोसायटी इंदिरानगरला, जुनी, तीन विंगची. रस्त्याच्या बाजूला कंपाउंडची भिंत आहे, साधारण ६० फूट लांब आणि ७ फूट उंच, तिच्यावर रोज कुणीतरी पोस्टर चिकटवून जातं, पानाच्या पिचकाऱ्या तर आहेतच. गेल्या जनरल मीटिंगला विषय निघाला की २०२७चा सिंहस्थ येतोय, ठिकठिकाणी भिंती रंगवून घेतायत, तर आपण पण आपल्या भिंतीवर छानसं म्युरल करू. सगळे हो म्हणाले. मी सेक्रेटरी, मी मिनिट्समध्ये लिहिलं "दर्शनी भिंतीवर म्युरल करण्याचे सर्वानुमते ठरले" आणि सह्या झाल्या.

मग दोन ठिकाणांहून कोटेशन मागवलं. एकाचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दहापट आला. मला वाटलं हा माणूस सोसायटी बघून रेट लावतोय, मी त्याला फोनवर जरा जास्तच बोललो, आणि त्याचं आता मनापासून वाईट वाटतंय कारण दुसऱ्या दिवशी कळलं की तो फायबरचं उठावाचं काम धरून चालला होता आणि पहिला जो स्वस्त होता तो ब्रशने रंगवणार होता. दोघंही म्युरलच म्हणत होते, आम्हीही म्युरलच म्हणत होतो. वर आमच्या खजिनदार काकू म्हणाल्या की त्यांच्या सुनेने बेडरूमला जंगलाचं चित्र असलेला वॉलपेपर लावला तो दुकानदाराने "म्युरल" म्हणूनच विकला, म्हणजे तिसराच प्रकार.

आता ठराव परत लिहायचाय आणि या वेळी मराठीत नीट लिहायचाय. तर म्युरल या शब्दाचा खरा अर्थ काय, त्यात यातलं काय काय बसतं, मराठीत भित्तीचित्र म्हणायचं का भित्तिचित्र (ऱ्हस्व की दीर्घ हा पण वाद झालाय), आणि फ्रेस्को म्हणजेच म्युरल का, कारण एकाने तेही सांगितलं. कुणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मी सगळं प्रिंट काढून कमिटीपुढे ठेवणार आहे.

चित्रकला_मास्तर

इंदिरानगर, प्रश्न वाचून बरं वाटलं. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना हा शब्द दरवर्षी समजावलाय, त्यामुळे थोडं लांबेल, वाचा.

लॅटिनमध्ये मुरुस म्हणजे भिंत. त्यावरून म्युरल, म्हणजे भिंतीचा, भिंतीवरचा, भिंतीशी संबंध असलेला. बस एवढंच. मूळ शब्दात चित्र नाही, रंग नाही, ब्रश नाही, फक्त भिंत आहे. आधी लोक म्युरल पेंटिंग म्हणायचे, म्हणता म्हणता पेंटिंग गळून पडलं आणि नुसतं म्युरल उरलं, आपण मोबाईल फोन मधला फोन टाकून नुसतं मोबाईल म्हणतो ना तसंच. म्हणून तुमचे दोन्ही कारागीर बरोबर होते. शब्द जागा सांगतो, पद्धत सांगत नाही.

आणि इथेच फ्रेस्कोचा घोळ सुटतो. फ्रेस्को हे पद्धतीचं नाव आहे. भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा आणि तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेले रंग लावायचे, वेगळा डिंक-सरस काही नाही. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा परत दगड होतो, चुनखडीसारखा, आणि रंगाचे कण त्या दगडातच अडकतात. म्हणून तो रंग पुसला जात नाही, तो भिंतीचाच भाग झालेला असतो. पण गिलावा ओला आहे तोवरच काम, त्यामुळे चित्रकार एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करून घेतो. तर प्रत्येक फ्रेस्को म्युरल असतं, पण प्रत्येक म्युरल फ्रेस्को नसतं. तुमच्या भिंतीवर कुणी ॲक्रिलिकने रंगवलं तर ते म्युरल आहे, फ्रेस्को अजिबात नाही.

आपल्याकडे लोक अजिंठ्याला सर्रास फ्रेस्को म्हणतात, कॅलेंडरवर छापतात, ते मला खटकतं. अजिंठ्यात बेसॉल्टचा खडक छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवला, त्यावर मातीचा लेप दिला ज्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेत, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो कोरडा झाल्यावर डिंकासारख्या पदार्थात कालवलेले रंग. याला टेम्परा म्हणतात. रंग पण बघा, गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा चुना, हिरवी माती, सगळं आसपास मिळणारं, आणि निळा मात्र लाजवर्द नावाच्या दगडाचा, जो अफगाणिस्तानातून यायचा. कोरड्या मातीवरचं काम असल्यामुळे ते पापुद्र्यांनी सुटतं, आत दमट हवा आली की लेपच खडकापासून फुगतो. फ्रेस्को असतं तर त्याचं दुखणं वेगळं असतं. म्हणजे नुसता शब्दाचा कीस नाहीये हा, जपणूक कशी करायची ते पद्धतीवर ठरतं.

अजून एक गोष्ट सांगतो जी मी वर्गात नेहमी सांगायचो. १८१९ला एका इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात अजिंठ्याच्या लेण्या दिसल्या. पुढे रॉबर्ट गिल नावाच्या माणसाने तिथे राहून वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला केल्या, त्या लंडनला नेल्या आणि १८६६ला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून परत नकला करायला बसले, त्यातल्याही बऱ्याच १८८५च्या आगीत गेल्या. नकला कॅनव्हासवर होत्या म्हणून समुद्रापार जाऊ शकल्या आणि जळूही शकल्या. मूळ चित्र खडकाला धरून होतं, ते जागचं हललं नाही, अजून तिथेच आहे. भिंतीपासून वेगळं करता येत नाही ते म्युरल, ही माझी व्याख्या, आणि त्या हिशोबाने काकूंच्या सुनेचा वॉलपेपर मी म्युरल मानणार नाही, दुकानदार काहीही म्हणो.

मराठीचं सांगतो. भित्ती हा शब्द एकटा असेल तर दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व. बुद्धी पण बुद्धिबळ, कवी पण कविसंमेलन, तसं भित्ती पण भित्तिचित्र. पेपरवाले भित्तीचित्र छापतात, तुम्ही ठरावात ऱ्हस्वच लिहा. आपली भिंत पण याच भित्तीची, आणि भित्ती भिद् धातूवरून, म्हणजे फोडणं, वेगळं करणं, एका जागेचे दोन भाग करणारी ती भित्ती. केरळात पण म्युरलला चुवरचित्रच म्हणतात, चुवर म्हणजे भिंत, म्हणजे सगळ्यांनी शब्द भिंतीवरूनच घडवलाय.

सातपूर_म्युरल्स

मी हाच धंदा करतो, सातपूरला शेड आहे, बावीस वर्षं झाली. मास्तरांचं सगळं मान्य पण फिल्डवर काय चालतं ते सांगतो म्हणजे परत फसगत नको.

आमच्या लाइनीत आर्किटेक्ट किंवा इंटिरियरवाला म्युरल म्हणाला की ९० टक्के वेळा उठावाचं काम. रंगवायचं असेल तर तो वॉल पेंटिंग म्हणतो. घरगुती क्लासमध्ये पण बघा, "म्युरल आर्ट शिका" म्हणून जे चालतं ते 'शिल्पकार' नावाचा तयार क्ले घेऊन बोर्डावर नाहीतर मडक्यावर फुलं-पानं चिकटवायचं, म्हणजे उठावच. त्यामुळे ज्याने तुम्हाला मोठा आकडा दिला त्याने मनाने वाढवून दिलेला नाही, त्याच्या डोक्यात तोच शब्द होता, त्याला एक फोन करा ही विनंती.

उठावाचं काम महाग का पडतं ते पण बघा. आधी पूर्ण साइजचं मातीत करायचं, शाडू किंवा मॉडेलिंग क्ले, ते आर्किटेक्टने पास केलं की त्यावर साचा घ्यायचा, पीओपीचा किंवा रबराचा, मग साच्यात फायबर आणि रेझिनचे थर, सुकल्यावर बाहेर काढून घासकाम, जोड भरणं, कलर, आणि मग साइटवर तुकडे नेऊन अँकर मारून बसवायचं. तुमची भिंत ४२० स्क्वेअर फूट भरते, तेवढ्याला माझी चार माणसं दीड-दोन महिने अडकतात. सिपोरेक्समध्ये, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकमध्ये, थेट कोरून केलं तर साच्याचा खर्च वाचतो, पण सिपोरेक्स पाणी पितं, बाहेरच्या भिंतीला मी देत नाही, हॉलमध्ये ठीक. टेराकोटा, सिरॅमिक, तांब्याचा पत्रा, सगळ्याचं होतं, सगळ्याला म्युरलच म्हणतात.

म्हणून ऑर्डरवर शब्दाच्या भरवशावर राहू नका. रंगवलेलं का उठावाचं, उठाव असेल तर जास्तीत जास्त किती इंच, मटेरियल कुठलं, एवढं लिहिलं की दोन कोटेशन एका तराजूत येतात.

आणि फुकटचा सल्ला. कंपाउंड वॉल आहे म्हणताय तर आतल्या बाजूला बाग आहे का? माती भिंतीला टेकलेली असेल आणि रोज पाणी घालत असाल तर ओल बाहेरच्या बाजूला येणार, लोणा लागणार, आणि कितीही भारी एक्स्टिरियर रंग मारा, दोन पावसाळ्यात खालचे दोन फूट फुगून पापुद्रे निघणार. चित्र काढण्याआधी भिंत बघा. पावसाळा संपल्यावर दोन महिने तरी वाळू द्या.

सायली_पंचवटी

विषयाला थोडं सोडून आहे पण शब्द तोच आहे म्हणून लिहिते. मी हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये "इंट्राम्युरल फायब्रॉइड" असं येतं आणि बायका खूप घाबरून विचारतात की हे काय नवीन. मास्तरांनी सांगितलं तोच अर्थ इथे पण, म्युरल म्हणजे भिंतीचा, इंट्रा म्हणजे आत, तर गर्भाशयाची जी स्नायूंची जाड भिंत असते तिच्या आतमध्ये वाढलेली गाठ. आतल्या अस्तराखाली असेल तर सबम्युकोसल, बाहेरच्या आवरणाखाली असेल तर सबसिरोसल. म्हणजे तो शब्द फक्त गाठ कुठे आहे ते सांगतो, किती वाईट आहे ते नाही. फायब्रॉइड बहुतेक वेळा साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठी असतात, उपचार लागतात का ते आकार आणि त्रास बघून डॉक्टर ठरवतात.

तसंच टू-डी इकोच्या रिपोर्टमध्ये कधी "म्युरल थ्रॉम्बस" येतं, हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या डाव्या कप्प्यात आतल्या भिंतीला चिकटून बसलेली रक्ताची गुठळी. हे मात्र लगेच डॉक्टरांना दाखवायचं असतं कारण सुटली तर मेंदूकडे जाऊ शकते. एका पेशंटच्या मुलाने मला विचारलं होतं की सिस्टर, म्युरल म्हणजे ते चित्र ना, ते हृदयात कसं? तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं, आज कळलं काय सांगायला हवं होतं.

तारांगण

सायलीताई छान सांगितलंत. असाच अजून एक वापर आमच्या खगोलशास्त्रातला. जुन्या वेधशाळांमध्ये म्युरल क्वाड्रंट नावाचं यंत्र असायचं, उत्तर-दक्षिण बांधलेल्या पक्क्या भिंतीवर पाव वर्तुळ आखलेलं, त्यावरून तारा किंवा सूर्य उत्तर-दक्षिण रेषेवर येतो तेव्हा नेमका किती उंचीवर आहे ते मोजायचं. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेचं प्रसिद्ध आहे. आणि सवाई जयसिंगाने १८व्या शतकात जयपूरला आणि उज्जैनला तेच बांधलं तेव्हा नाव दिलं दक्षिणोत्तर भित्ती यंत्र. उज्जैनला गेलात तर महाकाल करून वेधशाळेत जरूर जा, दुपारी बाराच्या सुमारास गेलात तर खुंटीची सावली पट्टीवर सरकताना दिसते, मी तासभर बसलो होतो.

आणि एक्स्ट्राम्युरल पण आहेच की. पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ, ज्याच्या जयकर व्याख्यानमाला गावोगावी होतात, ते म्हणजे एक्स्ट्राम्युरल. इंग्रजीत कॉलेजच्या भिंतींच्या बाहेरचं, मराठीत शाळेच्या बाहेरचं. ज्याने बहिःशाल शब्द काढला त्याने भिंतीचा हट्ट धरला नाही, अर्थ धरला, फार आवडतो मला तो शब्द.

जव्हार_ते_नाशिक

माझं आजोळ जव्हारच्या पुढे, राहायला नाशिकला. भित्तिचित्राचं चाललंय तर आमचं पण सांगतो.

आमच्यात, म्हणजे वारल्यांत, लग्नाच्या घरात भिंतीवर चौक लिहितात. काढतात नाही म्हणत, लिहितात. शेणामातीने भिंत सारवायची, गेरू द्यायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूची काडी टोकाला चावून तिची कुंची करायची. मधे चौकट आणि चौकटीत पालघट देवी, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. हे काम सवाशिणींचं, आजी लिहायची तेव्हा आम्ही पोरं मागे बसून बघायचो आणि बोललो तर हाकलायच्या. बाकी नाच, ताडाचं झाड, शेत हे सगळं भोवतीने. लग्न झालं की त्या चौकाचं काम झालं, पुढे भिंत परत सारवली की तो गेला, त्याचं कुणाला वाईट वाटत नसे.

नंतर जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणली, जगभर गेली, २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली, अभिमानच आहे. पण आता मी बघतो हॉटेलच्या भिंतीवर, पुलाच्या खांबावर वारली म्हणून जे स्टिकर चिकटवतात त्यात माणसांची रांग गोल फिरते पण तारपा वाजवणारा मधे नाहीच. तो नसेल तर ते नाचतायत कशावर? नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत, तो वळला की ते वळतात. पेंटरला माहिती नसतं, त्याने फोटो बघून अर्धंच घेतलेलं असतं. तुमच्या सोसायटीत वारली करणार असाल तर एवढं बघा, आणि जमलं तर त्या भागातल्याच कुणाला बोलवा, त्र्यंबकच्या पुढे गेलात की लिहिणारी माणसं भेटतील.

चित्रकला_मास्तर

जव्हारवाले, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. संस्कृतात लिख् धातूचा अर्थच ओरखडा काढणं, रेघ ओढणं, म्हणून चित्राला आलेख्य म्हणत. लिहिणं आणि चित्र काढणं पूर्वी एकच होतं, तुमच्या आजीच्या बोलीत ते टिकलं आणि आमच्या शाळेच्या मराठीत दोन विषय झाले, दोन तास झाले.

चांदवडकर

सर एक विचारू का. आमच्या चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, अहिल्यादेवींच्या काळातला, आत भिंतींवर चित्रं आहेत. ती म्युरल का? आणि नाशिकच्या पांडवलेणीत जे कोरलेलं आहे ते म्युरल का? कारण तेही भिंतीवरच आहे ना.

चित्रकला_मास्तर

रंगमहालातली नक्कीच भित्तिचित्रं. मराठेशाहीत वाड्यांमधून ही पद्धत होती, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात पण बघायला मिळतात. देवादिकांचे प्रसंग असतात, पण कडेच्या माणसांच्या पगड्या आणि नेसणं त्या काळचं, म्हणून इतिहासवाल्यांना पण ती हवी असतात. चांदवडला मी पोरांची सहल घेऊन जायचो. तिथे लोकांनी खिळ्याने नावं कोरलेली बघून एका मुलीने विचारलं होतं, सर हे पण भिंतीवरचंच आहे मग हे म्युरल का नाही. मी तेव्हा तिला म्हटलं होतं की भिंत ज्याची आहे आणि चित्र ज्याचं आहे त्या दोघांनाही विचारलेलं नाही म्हणून. ग्राफिटीबद्दल कुणी विचारलं तर मी अजूनही तेच सांगेन, जरी आता काही ग्राफिटीवाले रीतसर परवानगी घेऊन फार सुंदर काम करतात आणि ते काम मी बिनदिक्कत म्युरल म्हणेन.

पांडवलेणीचं थोडं वेगळं. तीन नंबरच्या लेण्यात, जिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे, व्हरांड्याच्या खाली आडव्या तुळया खांद्यावर घेतलेले यक्ष आहेत, ते खडकातूनच बाहेर आलेत. ते उठावशिल्प. भिंतीवर लावलेलं नाही, भिंतच तशी कोरली. व्यापक अर्थाने म्युरल म्हणता येईल पण मी उठावशिल्पच म्हणेन, कारण आपल्याकडे नेमका शब्द असताना सैल शब्द कशाला. तुम्हालाही ठरावात तेच सुचवतो, रंगवलेलं असेल तर भित्तिचित्र, उठावाचं असेल तर भित्तिशिल्प. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, मराठीत दोन आहेत, वापरा की. फक्त पोस्टरला सरकारी मराठीत भित्तिपत्रक म्हणतात, त्याच्याशी गल्लत नको.

पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे त्यावरून आठवलं. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जे.जे.त शिकलेले, आणि त्यांचं प्रचंड मोठं म्युरल २०१४ला बांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर झालं. आपल्या नाशकात पण तेवढं एखादं व्हावं असं मला फार वाटतं.

सीबीएस_वकील

एक कायद्याचा मुद्दा, आणि तो शब्दाला धरूनच आहे.

अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनात ब्राँझचं काम होतं, १४० फूट लांब आणि ४० फूट उंच, १९६२ला पूर्ण झालेलं. ब्राँझचं, म्हणजे पूर्ण उठावाचं, आणि निकालपत्रात त्याला सरळ म्युरलच म्हटलंय. म्हणजे सातपूरवाल्यांचा अर्थ कोर्टातही चाललेला आहे. १९७९ला ते भिंतीवरून काढून गोदामात टाकलं, तुकडे हरवले, खराब झालं. सेहगल कोर्टात गेले आणि २००५ला दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेलं म्युरल त्यांना परत द्या आणि पाच लाख नुकसानभरपाई द्या. आधार होता कॉपीराइट कायद्याचं कलम ५७, काम विकलं तरी कलाकाराचे काही खास हक्क त्याच्याकडेच राहतात.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की भिंत तुमची असली तरी चित्र काढून झाल्यावर त्यात मनाने फेरफार करू नका, मधेच सोसायटीचा बोर्ड ठोकू नका. ऑर्डरमध्ये दोन ओळी आधीच लिहा, कलाकाराचं नाव कोपऱ्यात राहील, आणि भिंत दुरुस्त करावी लागली किंवा पाडावी लागली तर त्याला आधी लेखी कळवू. दोघांनाही बरं पडतं.

इंदिरानगर_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल कमिटी बसली, मी सगळं वाचून दाखवलं, चौक लिहिण्याचं वाचलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. खजिनदार काकूंनी वॉलपेपरचा मुद्दा मागे घेतला. बजेट बघता रंगवायचंच ठरलंय. नवीन ठराव असा लिहिलाय, चुकलं असेल तर सांगा:

"सोसायटीच्या रस्त्याकडील कंपाउंड भिंतीच्या बाहेरील बाजूस, अंदाजे ६० फूट बाय ७ फूट, बाहेरच्या वापराच्या रंगांनी हाताने रंगवलेले भित्तिचित्र करून घेण्यात यावे. यात उठावाचे काम तसेच छापील व्हिनाइल किंवा वॉलपेपर यांचा समावेश नाही. भित्तिचित्रात कलाकाराचे नाव राहील. भिंतीची दुरुस्ती किंवा फेरबदल करण्यापूर्वी कलाकारास लेखी कळवण्यात येईल."

विषय गोदाकाठ ठरतोय, नारोशंकराची घंटा, पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं ते बघायला होणारी गर्दी, भाजीबाजार. वारली नको असं नाही, पण जव्हारवाल्यांचं वाचल्यावर वाटलं की अर्धवट करण्यापेक्षा आपल्याला जे रोज दिसतं ते करू.

सातपूरदादा, तुम्ही म्हणालात तेच आहे, आतल्या बाजूने पूर्ण भिंतीला मातीचा वाफा टेकलेला आहे आणि माळी रोज पाईप लावतो. बाहेरून खाली हात लावला तर पांढरी पावडर हाताला येते. आणि हो, ज्यांना फोनवर बोललो होतो त्यांना फोन केला, माफी मागितली, ते म्हणाले होतं असं, आम्हाला पण आधी विचारायला हवं होतं रंगवायचंय का बसवायचंय.

सातपूर_म्युरल्स

पांढरी पावडर म्हणजे लोणाच. वाफा भिंतीपासून दीड फूट मागे घ्या, मधली जागा मोकळी ठेवा, पाणी जायला उतार द्या. खालच्या दोन फुटांचा गिलावा फोडून नवीन करा, त्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालायला लावा. ओल आहे तोवर पुट्टी अजिबात भरू नका, प्रायमर पण नको. आत्ता गणपती होतायत, दिवाळीनंतर एकदा पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवून ठेवा रात्रभर, सकाळी आतून पाणी सुटलेलं दिसलं तर अजून थांबा.

चित्रकला_मास्तर

ठराव चांगला झालाय, भाषेत हात लावायला काही नाही. चित्राच्या रचनेत एक करा, खालचे दोन फूट घाटाच्या दगडी पायऱ्या येऊ द्या, एकरंगी, काळसर. पुढे कधी तेवढाच भाग परत रंगवावा लागला तर वरच्या चित्राला धक्का लागणार नाही, आणि गाड्यांचा चिखल उडाला तरी तो पायऱ्यांवर जाईल. माणसं, देवळं सगळं दोन फुटांच्या वर.

मी गंगापूर रोडला राहतो. कच्चं स्केच झालं की कळवा, एखाद्या रविवारी सकाळी येऊन भिंतीवर खडूने चौकटी आखून देतो, लहान स्केच मोठ्या भिंतीवर कसं न्यायचं ते सोसायटीतल्या पोरांना पण दाखवता येईल.

इंदिरानगर_नाशिक

सर नक्की कळवतो. वाफा हटवायला येत्या शनिवारी माणसं बोलावली आहेत. पोरांची नावं आत्ताच अकरा झाली आहेत, खडूचा डबा मी आणून ठेवतो.